अटकेच्या यादीपासून कोर्टाच्या निकालापर्यंत: पश्चिम टेक्सासमधल्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून नोंदी ठेवायला घेतल्या. इथल्या एका छोट्या साप्ताहिकासाठी काम आहे, बिग बेंडच्या भागात निघतं ते, आणि प्रश्न ऐकायला अगदी साधा: आपल्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, २०२३ मध्ये ज्यांना अटक झाली ते किती दिवस जेलमध्ये राहिले आणि शेवटी त्यांच्या केसचं झालं काय. अटकेची बातमी दर आठवड्याला येते, निकालाची येतच नाही, आणि माझा जीव त्या निकालातच अडकलाय. कागद गोळा करणार मी, आणि पुण्यात माझी कॉलेजमधली मैत्रीण आणि तिचा नवरा ते सगळं एक्सेलमध्ये नीट लावणार, म्हणून नोंदी मराठीत.

तुम्हा दोघांसाठी आधी इथला अंदाज देते. टेक्सासात २५४ काउंट्या आहेत. त्यातली सगळ्यात मोठी ब्रूस्टर, साधारण १६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा पुणे जिल्हा आत मावेल, आणि २०२० च्या जनगणनेत तिथली माणसं किती तर ९,५४६. अल्पाइन या मुख्य गावातून टर्लिंग्वाला जायचं तर ८० मैल गाडी हाकायची, मध्ये नुसता माळ आणि डोंगर. आमची काउंटी याच भागातली आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येईलच.

आता अशा ठिकाणी "पोलीस" म्हणजे कोण? लोकांनी चार वर्षांसाठी निवडून दिलेला शेरीफ आणि त्याचे डेप्युटी, शहराचे पोलीस असतील तर ते, कॉन्स्टेबल, डीपीएसचे, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याचे, ट्रूपर, शिकारीवर लक्ष ठेवणारे गेम वॉर्डन, वर फेडरल सरकारची बॉर्डर पेट्रोल आणि नॅशनल पार्कचे रेंजर. प्रत्येकाचं रेकॉर्ड वेगळं, प्रत्येकाकडे अर्ज वेगळा. एका खिडकीवर सगळं मिळेल ही आशा आजच सोडून द्या.

५ फेब्रुवारी

जेलची यादी. मोठ्या काउंट्या आपला जेल रोस्टर ऑनलाइन टाकतात, छोट्यांपैकी काही टाकतात काही नाही, काही ठिकाणी फोन करून विचारावं लागतं आणि फोन उचलणारी तीच बाई डिस्पॅच पण सांभाळत असते, म्हणजे ९११ चा, आणीबाणीचा, कॉल आला की आपण होल्डवर, आणि ते बरोबरच आहे.

पण रोस्टरची मुख्य अडचण दुसरीच. ती फक्त आज आत कोण आहे त्याची यादी असते. माणूस जामिनावर सुटला की नाव बऱ्याच ठिकाणी लगेच उडतं. म्हणजे मागच्या वर्षाचं चित्र काढायला रोस्टर बिनकामाचा, तिथे बुकिंगचं, म्हणजे जेलमध्ये आणताना होणाऱ्या नोंदींचं, रजिस्टरच मागवायला हवं.

अजून एक, हे प्रत्येकाला सांगा: नेटवर कोणाचं नाव टाकून "अरेस्ट रेकॉर्ड" शोधलं की सगळ्यात वर खासगी वेबसाइट्स येतात, तोंडं दाखवतात आणि पुढचं बघायला कार्ड नंबर मागतात. एक पैसा देऊ नका. तिथला माल म्हणजे कधीतरी उचललेला रोस्टर, केस सुटली तरी त्यांच्याकडे अटक तशीच लटकलेली. फोटो छापायचा आणि काढायचे पैसे मागायचे हा धंदा इतका बोकाळला होता की टेक्सासला २०१३ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

डीपीएसची राज्याची डेटाबेस आहे, क्रेडिट विकत घेऊन कोणीही शोधू शकतं, पण तिथे जनतेला दिसतात शिक्षा झालेल्या केसेस आणि डिफर्ड ॲडज्युडिकेशन, म्हणजे अटी पाळल्या तर शिक्षा न देता केस संपवतात त्या. नुसती अटक तिथे दिसत नाही. आमच्या प्रश्नाला अर्धंच उत्तर.

१० फेब्रुवारी

अर्ज पाठवले. कायदा आहे टेक्सास पब्लिक इन्फर्मेशन ॲक्ट, गव्हर्नमेंट कोडचा ५५२ वा चॅप्टर. मूळ १९७३ चा, शार्पस्टाउन नावाचं बँक आणि शेअर्सचं मोठं लाचप्रकरण झालं त्यात बडे बडे राजकारणी अडकले, लोकांनी संतापून निम्मी विधानसभा बदलली आणि मग हा कायदा आला. मला हे वाचून खरंच बरं वाटलं.

यातल्या तीन गोष्टी फार कामाच्या आहेत. माहिती कशाला हवी हे ऑफिसला विचारताच येत नाही, कलम ५५२.२२२. तपासाचे कागद पोलीस अडवू शकतात, ५५२.१०८, पण त्याच कलमाचा (सी) भाग म्हणतो की अटक झालेला माणूस, अटक आणि गुन्हा याबद्दलची बेसिक माहिती अडवता येत नाही. बेसिक म्हणजे काय ते १९७५ च्या ह्यूस्टन क्रॉनिकल विरुद्ध ह्यूस्टन शहर या निकालावरून ठरलंय: नाव, वय, आरोप, कुठे केव्हा अटक, कोणी केली, बुकिंग, बॉण्ड म्हणजे जामीन, आणि घटनेचं बऱ्यापैकी तपशिलात वर्णन. आणि तिसरं म्हणजे एखादं ऑफिस द्यायला तयार नसेल तर नुसतं "नाही" म्हणून चालत नाही, दहा कामकाजाच्या दिवसांत त्यांना ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाकडे, लेखी विचारावं लागतं की आम्ही हे अडवू का.

अर्जात मी "सगळी रेकॉर्ड्स द्या" असं अजिबात लिहिलं नाही. लिहिलं ते असं: १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२३ या काळातल्या प्रत्येक बुकिंगची तारीख, वेळ, अटक करणारी एजन्सी, आरोप, बॉण्डचा प्रकार आणि रक्कम, सुटकेची तारीख, सुटकेचं कारण, आणि हे कॉम्प्युटरमध्ये असेल तर स्प्रेडशीटमध्येच द्या. मोघम अर्ज केला की मोघम उत्तर येतं, किंवा बिल येतं. कागदी कॉपीला पानाला १० सेंट, ५० पानांच्या वर गेलं की शोधायची मजुरी लावू शकतात, एकूण ४० डॉलरच्या वर जाणार असेल तर आधी तपशीलवार अंदाज द्यायचा. नुसतं जाऊन बघायचं असेल तर सहसा काही द्यावं लागत नाही.

ईमेल मात्र त्या ऑफिसने माहितीच्या अर्जांसाठी नेमलेल्या पत्त्यावरच पाठवायचा, शेरीफच्या कोणत्यातरी डेप्युटीला पाठवला तर तो अर्ज धरला जाईलच असं नाही. दहा दिवस मोजले तर १७ तारखेची प्रेसिडेंट्स डेची सुट्टी वजा जाता २५ फेब्रुवारी.

११ फेब्रुवारी

पुण्याहून फोन. मैत्रीण म्हणाली, "अगं, आपल्याकडे तर एफआयआर पोलिसांच्या साइटवर दिसतात, तिकडे एवढं काय?" खरंय, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका, लैंगिक गुन्हे, दहशतवाद असल्या संवेदनशील केसेस सोडून, आणि जिथे नेट धड चालत नाही तिथे मुदत ७२ तासांपर्यंत. आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३७ आहे, अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळक लावायचं. इथे तसा पूर्ण राज्याला लागू होणारा रोजचा फलक नाही, पण अर्ज केला की आत जाता येतं ते बरंच खोल. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच, अटक सहज सापडते, शेवट सापडत नाही.

१९ फेब्रुवारी

एका ऑफिसने मुदतीच्या आधीच पहिली खेप दिली. कागदच दिले, स्प्रेडशीट नाही, पण मनापासून आभार मानून आले. काउंटरवरच्या बाईंनी स्वतः फोटोकॉपी मशीनजवळ उभं राहून काढून दिल्या आणि तिसऱ्या महिन्याचं पान फिकट आलं म्हणून परत काढलं.

बुकिंग शीट कशी असते ते लिहून ठेवते, पुण्यात कॉलम लावायला लागेल. वर नाव, जन्मतारीख, उंची, वजन, केस-डोळ्यांचा रंग. खाली अटक करणारी एजन्सी, मग एकेक आरोप वेगळ्या ओळीत, त्याच्यापुढे दर्जा: एम म्हणजे मिसडिमीनर, किरकोळ गुन्हा, आणि ए, बी, सी, किंवा एफ म्हणजे फेलनी, गंभीर गुन्हा. क्लास सी ला फक्त दंड, बी ला जास्तीत जास्त १८० दिवस, ए ला एक वर्षापर्यंत. त्यापुढे बॉण्ड. "पीआर" लिहिलं असेल तर स्वतःच्या शब्दावर सोडलं, "शुअरटी" म्हणजे हमीदार किंवा बेल बॉण्डवाला मध्ये आला, "कॅश" म्हणजे सगळी रक्कम भरली. मॅजिस्ट्रेटसमोर नेल्याची तारीख-वेळ पण असते, कायद्याने ते ४८ तासांच्या आत व्हायला हवं, आणि ग्रामीण काउंटीत हे काम बहुतेक वेळा जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक छोट्या कोर्टाचा न्यायाधीश, करतो, तो वकील असायलाच हवा अशी अट नाही.

एका शीटवर वय १७ बघून पोटात कालवलं. टेक्सासात सतरा वर्षांचा मुलगा फौजदारी कायद्यात मोठा माणूस धरतात. सोळा वर्षांच्याचं रेकॉर्ड गोपनीय, सतराव्या वाढदिवसानंतर सगळं उघडं. आमच्या टेबलात वय न टाकता वयोगट टाकायचा हे तिथेच उभ्या उभ्या ठरवलं.

सगळ्यात महत्त्वाचा कॉलम मात्र टीआरएन. अटकेच्या वेळी बोटांचे ठसे घेतात त्या फॉर्मवर हा नंबर पडतो आणि तोच पुढे सरकारी वकिलाकडे आणि कोर्टात जातो, कोर्टाच्या छापील जजमेंट फॉर्मवर पण वरच्या बाजूला "इन्सिडेंट नंबर/टीआरएन" अशी जागा असते. नाव बदलतं, स्पेलिंग बदलतं, स्पॅनिश आडनावं तर दोन दोन असतात आणि कधी पहिलं लिहितात कधी दुसरं, टीआरएन तोच राहतो. जिथे मिळेल तिथे तो टिपायचाच, बाकी सगळं त्याला जोडता येतं.

२६ फेब्रुवारी

काल मुदत संपली. दुसऱ्या एका ऑफिसचं पत्र आलं, ते ॲटर्नी जनरलकडे गेलेत. म्हणजे आता त्यांच्या उत्तराला ४५ कामकाजाचे दिवस, एप्रिल अखेर किंवा मेची सुरुवात. बेसिक माहितीसुद्धा त्यांनी धरून ठेवलीय, ती तरी आत्ता द्या असं विनंतीचं पत्र पाठवलं, कलम ५५२.१०८(सी) ठळक करून. मी ॲटर्नी जनरलला माझं म्हणणं लेखी कळवू शकते, ते आज रात्री लिहिणार.

या ५५२.१०८ मध्ये एक भाग असा आहे की ज्या तपासातून शिक्षा किंवा डिफर्ड ॲडज्युडिकेशन झालंच नाही त्याचे कागद पोलिसांना अडवता येतात. हेतू चांगला, निर्दोष सुटलेल्या माणसाची अब्रू राखायची. पण संशयित कोठडीतच मेला तर? शिक्षा होणारच नाही, मग कागद कायमचे बंद, घरच्यांना सुद्धा. इथले पत्रकार याला डेड सस्पेक्ट लूपहोल म्हणतात. २०२२ मध्ये उवाल्डेच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, गोळीबार करणाराही मेला, आणि पोलिसांनी त्या दिवशी काय केलं याचे कागद आणि व्हिडिओ मिळवायला माध्यमांना कोर्टात जावं लागलं. ज्या आईबापांची लेकरं गेली त्यांनी एवढं थांबायचं का? कायदा बदलायला हवा असं माझं ठाम मत आहे.

६ मार्च

कोर्टहाउस. इथे पब्लिक इन्फर्मेशन ॲक्ट चालत नाही, न्यायसंस्था त्यातून वगळलेली आहे. पण घाबरायचं कारण नाही, केसच्या फाइली मुळातच लोकांना बघायला खुल्या असतात, सील केलेल्या सोडून. फक्त मागायचं क्लार्ककडे. फेलनी डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, ए आणि बी मिसडिमीनर काउंटी क्लार्ककडे, क्लास सी जस्टिस ऑफ द पीसच्या ऑफिसात किंवा शहराच्या कोर्टात. अगदी छोट्या काउंटीत डिस्ट्रिक्ट आणि काउंटी दोन्ही क्लार्क एकच व्यक्ती असते.

दिवसभर फाइली बघितल्या. डॉकेट शीटवर, म्हणजे केसच्या तारखांच्या नोंदीवर, न्यायाधीशांच्या हातच्या ओळी असतात, तारीख, पुढे दोन शब्द, "रीसेट" म्हणजे पुढची तारीख, परत "रीसेट", "नो शो, वॉरंट", मग कुठेतरी "डिसमिस्ड". एका फाइलमध्ये तर वॉरंट निघालं तेव्हा तो माणूस दुसऱ्या काउंटीच्या जेलमध्येच होता, हे त्याच्या वकिलाने पत्र देऊन कळवल्यावर वॉरंट मागे घेतलं. रोस्टर बघणाऱ्याला यातलं काहीच कळलं नसतं, त्याला एकाच माणसाच्या नावावर दोन अटका दिसल्या असत्या.

सरकारी वकिलाने केस दाखलच केली नाही तर कोर्टात फाइलच तयार होत नाही. या अटका सगळ्यात अवघड. तिथे जेलच्या सुटकेच्या कारणावरच भिस्त, किंवा सरकारी वकिलाच्या ऑफिसला वेगळा अर्ज. टेबलात त्यांना "निकाल नाही" लिहू नका हं, "दाखल नाही" असा वेगळा कोड द्या.

फेडरल केसेस थोडक्यात: बॉर्डर पेट्रोल किंवा पार्क रेंजरने पकडलेले फेडरल कोर्टात जातात, वेस्टर्न डिस्ट्रिक्ट ऑफ टेक्सास, ते पेसर नावाच्या सिस्टिमवर दिसतं. पानाला १० सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलो तर माफ. आम्ही या केसेस वेगळ्या शीटमध्ये ठेवणार, काउंटीच्या आकड्यात मिसळणार नाही.

१४ मार्च

पुण्याहून विचारणा आली की काही काउंट्यांमध्ये लोकसंख्येच्या मानाने अटका वेड्यासारख्या जास्त दिसतात, एंट्रीमध्ये गडबड आहे का. नाही. किनी काउंटीचंच बघा. मुख्य गाव ब्रॅकेटव्हिल, २०२० मध्ये सगळ्या काउंटीत मिळून ३,१२९ माणसं. मार्च २०२१ मध्ये राज्याने ऑपरेशन लोन स्टार सुरू केलं, सीमा ओलांडून आलेल्या लोकांना खासगी रँचवर घुसल्याच्या आरोपाखाली, म्हणजे मिसडिमीनरखाली, हजारोंनी पकडलं. त्यांना ठेवलं कुठे तर गावच्या जेलमध्ये नाही, शेकडो किलोमीटरवरच्या राज्याच्या तुरुंगांत, डिलीच्या ब्रिस्को युनिटमध्ये आणि एडिनबर्गच्या सेगोव्हियात. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये दोनशेहून जास्त लोकांना सोडावं लागलं कारण मुदतीत त्यांच्यावर आरोपपत्रच दाखल झालं नव्हतं. म्हणून अटक कुठे झाली आणि माणूस ठेवला कुठे हे दोन वेगळे कॉलम हवेत, एकच ठेवला तर आकडे खोटं बोलतील.

२० मार्च

नावांबद्दल आज साप्ताहिकाच्या संपादकांशी बराच वेळ बोलणं झालं. ही सगळी माहिती सार्वजनिक आहे, छापली तर कायद्याने कोणी अडवणार नाही. पण आम्ही नावं छापणार नाही. आणि नुसतं नाव काढून भागत नाही, काही हजार वस्तीच्या काउंटीत "४०-५० वयोगट, बाई, ऑगस्टमध्ये डीडब्ल्यूआय" (दारू पिऊन गाडी चालवणं) एवढं लिहिलं तरी गॅस पंपावर उभा असलेला कोणीही सांगेल कोण ती. म्हणून तारखेऐवजी तिमाही, आणि कुठल्याही रकान्यात पाचपेक्षा कमी माणसं येत असतील तर तो रकाना वरच्या गटात मिसळायचा. काउंटीचं नाव पण या नोंदींत म्हणूनच नाही.

दुसरं कारण एक्सपंक्शन. केस डिसमिस झाली किंवा माणूस निर्दोष सुटला तर बऱ्याचदा तो कोर्टात अर्ज करून अटकेचं रेकॉर्डच नष्ट करून घेऊ शकतो, हा कायदा यावर्षी १ जानेवारीपासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या चॅप्टर ५५ए मध्ये हलवलाय. सरकारी ऑफिसांतून तो कागद गेला आणि आपल्या शीटमध्ये राहिला तर आपण त्या खासगी वेबसाइटवाल्यांपेक्षा वेगळे कसे? मूळ नावांची फाइल एकाच ड्राइव्हवर, एनक्रिप्ट करून, आणि काम संपल्यावर पुसायची. पुण्याला फक्त नंबर लावलेल्या ओळी जाणार.

२८ मार्च, शुक्रवार

मुदतीचा हिशेब आज पूर्ण लावला. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७.१५१ म्हणतं की आरोपी आत असताना सरकार खटल्याला तयार नसेल तर फेलनीत ९० दिवस, क्लास ए मध्ये ३०, बी मध्ये १५, आणि फक्त दंडाच्या गुन्ह्यात ५ दिवसांनंतर त्याला स्वतःच्या शब्दावर किंवा जामीन कमी करून सोडायला हवं. पण वकिलाने अर्ज केला तर. आमच्या ओळींत अशी माणसं सापडतायत जी क्लास बी च्या एकाच आरोपावर त्या मुदतीच्या पुढे आत राहिली, बॉण्डची रक्कम शंभरांत होती, आणि पुढे केस डिसमिस.

थोड्या पैशांवाचून आत राहिलं तर काय होऊ शकतं हे टेक्सासला माहीत आहे. सँड्रा ब्लँड, २८ वर्षांची, जुलै २०१५, वॉलर काउंटी. लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून गाडी थांबवली, वाद वाढला, अटक झाली. जामीन ५,००० डॉलर, बाहेर यायला साधारण ५०० भरायचे होते. तिसऱ्या दिवशी ती कोठडीत मृत सापडली. २०१७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. कोठडीत मृत्यू झाला की ३० दिवसांत ॲटर्नी जनरलकडे रिपोर्ट द्यावाच लागतो आणि तो लोकांना बघता येतो, आमच्या काउंटीसाठी तेही तपासायला घेतलं. जेल स्टँडर्ड्स कमिशन दर महिन्याला प्रत्येक काउंटीच्या जेलची संख्या देतं, त्यात खटला न चाललेले किती ते वेगळं असतं, आमचे आकडे त्याच्याशी ताडून बघायचं काम पुण्याकडे.

ज्यांच्या केसेस डिसमिस झाल्या त्यातल्या काहींच्या अटकेची बातमी याच साप्ताहिकात नावासकट आली होती. संपादकांचं म्हणणं पडलं की डिसमिस झाल्याचंही त्याच पानावर छापू. मला पटतं, पण आधी त्या प्रत्येकाला विचारून, कारण कोणाला नाव परत छापलेलंच नको असेल आणि तो त्यांचा हक्क आहे. पत्राचा मसुदा तयार आहे, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, स्पॅनिश तपासायला इथल्या शाळेतल्या एक शिक्षिका तयार झाल्यात. पाकिटावर साप्ताहिकाचं नाव टाकायचं नाही, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर उगाच चर्चा. सोमवारी पोस्टात टाकते.